नऊ दिवस हात खिशात

प्रिय वायसर,

पाकीट फाडून टाकलं असशील तर टोपलीतून परत काढ. त्याचं काम आहे, काय ते शेवटी सांगतो. आणि फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं मनात आलं असेल तर त्याचं उत्तर तुझ्या आईकडे आहे. ती म्हणाली, "फोनवर तुम्ही बापलेक 'जेवलीस का', 'जेवलात का', 'तिकडे गरम होतंय का' एवढंच बोलता. हवामान खात्याकडेसुद्धा याहून जास्त विषय असतात. लिहा." म्हणून लिहायला बसलो. वर्कशॉपमध्येच बसलोय, मोठ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, तुझ्या स्टुलावर. त्याचा एक पाय तीन मिलिमीटर आखूड आहे. एवढी वर्षं तू त्यावर बसून काम करायचीस आणि मला ते कधी जाणवलं नाही. आज बसलो तेव्हा कळलं.

तुझं नाव वायसर का ठेवलं ते तुला ठाऊक आहे, पण लिहून ठेवायला हरकत नाही. दोन कडक वस्तूंच्या मध्ये बसून एकीनं दुसरीला खाऊ नये याची काळजी घेते ती चकती म्हणजे वायसर. मी आणि तुझी आई या त्या दोन वस्तू. तू चार वर्षांची असताना आमच्या मध्ये येऊन बसायचीस आणि भांडण तिथंच थांबायचं. आता तू दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत, आणि आम्ही दोघं थेट एकमेकांवर घासतोय. आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो. असो. तीन वर्षं झाली तू वर्कशॉपमध्ये पाय ठेवून. घरी येतेस, दोन दिवस राहतेस, स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत सगळीकडे फिरतेस, पण या दारापाशी आलीस की नेमका तुला फोन येतो. का येतो ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. त्यावर येणारच आहे. आधी माझा परदेशाचा प्रवास सांगू दे, कारण तिथं जाऊन यावं लागलं तेव्हा कुठं मी या दाराशी पोचलो.

आईनं तुला माझा विमानातला फोटो पाठवला, म्हणजे मी गेलो होतो एवढं तुला कळलंच. बोलावणं आलं होतं पाकिटांच्या कारखान्यातून. त्यांच्याकडे पाकिटं बनवणारी जी जुनी मशीन आहे, ती आपण सांभाळायचो त्या छापखान्यातल्या म्हातारीची, म्हणजे तिथल्या जुन्या मशीनची, सख्खी बहीण. ती बनवणारी कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली. ती चालू ठेवणारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी उरलीत आणि त्यातलं एक बोट म्हणजे मी. हा माझा गर्व नाही, सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं त्यांना तसं पत्रात लिहिलं होतं, पत्र फाइलला आहे. त्यांच्या मशीनचा आजार असा की दर तीस-चाळीस पाकिटांमागे एक वाकडं होतं, घडीच्या पट्टीत अडकतं आणि सगळा गाडा थांबतो. ओळखलास ना? तोच आजार. मी कळवलं की हा आजार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ते अर्धंच खरं होतं. अर्धं कसं, तेही येईल पुढं. मॅनेजरबाईंनी सरळ लिहिलं होतं की तुम्ही आल्यापासून आठव्या दिवशी दुपारी बाराला भंगारवाल्याचा ट्रक येणार आहे. तोवर मशीन चालली तर ट्रक परत जाईल, नाही तर मशीन त्यात चढेल.

मग व्हिसा. तू माझी फॉर्म भरतानाची तऱ्हा पाहिली असतीस तर पोट धरून हसली असतीस. फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर हवा. फोटोवाल्यानं दिला, मी कॅलिपर लावला, उभा चव्वेचाळीस पूर्णांक दोन. परत पाठवला. तो म्हणाला, "काका, कोण मोजणार आहे?" मी म्हणालो, "मी मोजला की." शिक्षणाच्या रकान्यात नववी लिहिलं, न लाजता. 'ज्यांच्या हाताखाली काम शिकलात त्यांचा दाखला, असल्यास' असा एक रकाना होता, त्यात टपोऱ्या अक्षरात लिहिलं: लागू नाही. मला कोणी शिकवलं नाही, मी कोणाचा दाखला मागितला नाही आणि कोणाला दिला नाही. त्या रकान्याकडे बघून मी पाच मिनिटं खूश होतो. व्हिसा मिळाला तो धंद्याच्या कामासाठी थोड्या मुदतीचा, नऊ दिवसांचा. सोबत नियमांचा कागद होता, तो मी चार वेळा वाचला. बैठकीला बसता येईल, पाहणी करता येईल, बोलणी करता येतील, सल्ला देता येईल, माहिती सांगता येईल. प्रत्यक्ष काम करता येणार नाही. मशीनला हात लावणं म्हणजे काम. एक सवलत होती: मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस असेल आणि विक्रीच्या करारात तसं लिहिलेलं असेल, तर त्यानं हात लावलेला चालतो. पण ही मशीन त्यांनी तिसऱ्याच कोणाकडून जुनी म्हणून घेतलेली, त्यामुळे ती सवलत आपल्याला नाही. हाताने काम करायचं तर परवाना वेगळा, त्याला चार महिने लागतात आणि ट्रक काही चार महिने थांबणार नव्हता. तुझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हात न लावता नऊ दिवस? मग कामाला कशाला, जावई म्हणूनच जा की!"

मी नियम वाचला, पण मनावर घेतला नाही. आजवर जेवढ्या मशीनची पुस्तकं उघडली त्या प्रत्येकाच्या पहिल्या पानावर 'हात लावू नका' असं असतंच, आणि मी आयुष्यभर ते वाचून हात लावत आलोय. म्हणून हत्यारांची बॅग घेतली. बारा किलो चारशे ग्रॅम. पाने, पक्कड, फीलर गेज, माझा लाकडी दांड्याचा हातोडा, सगळं जागच्या जागी. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडली, निमंत्रणाचं पत्र बघितलं, पुन्हा बॅग बघितली. पत्रात लिहिलेलं 'बैठक व तांत्रिक सल्ला'. आता सल्ल्याला बावीस नंबरचा पाना कशाला लागतो? भाषा कळेना म्हणून बाहेर माझ्या नावाची पाटी धरून उभ्या असलेल्या दुभाषी बाईंना आत बोलावलं. बाई आपल्याकडच्याच, पण चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या. शाळेत मुलांना गाणं शिकवायच्या, आता निवृत्त. अधिकाऱ्यानं त्यांच्यामार्फत विचारलं, तुम्ही इथं नक्की काय करणार? आणि वायसर, मी छाती काढून सांगितलं, "मशीन दुरुस्त करणार. माझ्याशिवाय ती कोणाला जमणार नाही." बाईंनी ते भाषांतर न करता माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो मिस्त्री, हे मी यांना सांगितलं तर तुम्ही संध्याकाळच्या विमानानं घरी. बदला वाक्य."

आयुष्यात कधी वाक्य बदललं नव्हतं. माझ्या मागे रांग लागलेली, सगळ्यांच्या नजरा बारा किलोंच्या बॅगेवर. मला ते वाक्य गिळायला किती वेळ लागला ते भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, पावणेदोन मिनिटं. मग म्हणालो, "बघणार. आणि सांगणार." अधिकारी तसा भला माणूस. त्यानं बॅगेच्या चेनला लाल प्लॅस्टिकचं सील ठोकलं, वर नंबर, चारशे एक्केचाळीस. म्हणाला, जाताना हे असंच दिसलं पाहिजे. तुटलेलं दिसलं तर पुढची दहा वर्षं या देशाचं दार तुम्हाला बंद. माझीच हत्यारं, माझ्याच खांद्यावर, आणि मलाच बंदी. टॅक्सीत बाई मला समजावत होत्या आणि मी बॅग मांडीवर घेऊन आजारी मूल घेतल्यासारखा बसलो होतो.

कारखाना लख्ख. एवढा स्वच्छ की मला बूट काढावेसे वाटले. लांबट हॉल, डावीकडे उंच खिडक्या, मधोमध ती मशीन, आणि तिच्यापाशी तिथला फिटर. माझ्याच वयाचा, पोट पुढे आलेलं, डोक्यावर एक केस नाही. मनातल्या मनात मी त्याला टकलू म्हणायला लागलो, आणि नंतर कळलं की तो मला मनातल्या मनात 'खिसे' म्हणत होता. कारण मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर बजावलं की पाहुण्यांनी हात लावला तर कारखान्यावर दंड आहे, तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले. पण हात ऐकतात का? मशीनचा आवाज जरा बदलला की आपोआप बाहेर येत. टकलूनं त्यावर उपाय काढला. माझे हात बाहेर आले की तो त्यात चहाचा मोठा मग ठेवायचा. दोन्ही हातांनीच धरावा लागेल एवढा मोठा. दुसऱ्या दिवशी मी अकरा मग चहा प्यायलो.

आणि सांगणं! तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते. तीस वर्षं मी सांगितलंच नव्हतं कोणाला काही. तुलाही नाही. 'बघ आणि शीक' एवढंच. आता मला जे बोटांना माहीत होतं ते तोंडानं सांगायचं, तेही गाण्याच्या बाईंच्या मार्फत, ज्यांना नट आणि बोल्ट यांतला फरक ठाऊक नाही. मी म्हणालो, "नट आवळा, चावला की थांबा, मग केसभर मागं." बाईंनी विचारलं, "कोण चावतं?" म्हटलं, नट चावतो. "नटाला दात असतात?" म्हटलं, नसतात हो, पण चावतो. त्यांनी टकलूला काय सांगितलं देव जाणे, त्यानं बत्तिशी दाखवत नट आवळला आणि मग टकलावरून हात फिरवत विचारलं की केसभर म्हणजे नेमका कोणाचा केस? हसून हसून माझ्या मगातला चहा सांडला. त्या दिवसापासून टकलूला आपल्या भाषेतला एक शब्द आला. नट बसला की तो ओरडायचा, "चावला!"

पण हसणं वेगळं आणि मशीन वेगळी. दुसरा दिवस आणि तिसरा दिवस मी सांगत गेलो आणि टकलू करत गेला. सगळं घडीच्या बाजूचं. पट्टी सरळ केली, रूळ समांतर केले, मी इथं करतो ते एकूण एक केलं. पाकीट वाकडं होतंच. चौथ्या दिवशी माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. हात खिशात, तोंड बंद. मी नुसता उभा राहिलो आणि मशीनकडे बघत बसलो. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. तुला खरं वाटणार नाही, पण एवढ्या वर्षांत मी चालती मशीन एवढा वेळ नुसती बघितली नव्हती. हातात पाना असला की डोळे पान्याच्या टोकाशी जातात.

पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "मिस्त्री, एक विचारू? यातला एक जण मागे पडतोय." मी म्हटलं, कोण एक जण? त्या मशीनच्या तोंडाशी गेल्या, जिथं रबराच्या दोन वाट्या हवेनं कागद उचलतात, पुढे नेतात आणि सोडतात. सोडताना फुस्स असा आवाज येतो. बाई म्हणाल्या, "दोन फुस्स एकत्र यायला हवेत ना? डावा उशिरा येतो. थोडासाच. वर्गात एक मूल असायचंच माझ्या, सगळ्यांचं थांबल्यावर त्याचा शेवटचा सूर एकटा ऐकू यायचा." मी कान दिला. डावा उशिरा येत होता. डावी वाटी कागद सोडायला उशीर करते, कागद निघतानाच केसभर फिरतो, आणि पुढे घडीपर्यंत पोचेस्तोवर तो केस बोटभर होतो. मशीन घडीत बिघडलेलीच नव्हती. मी खाली बसलो, टकलूच्या औजारांच्या खोक्यावर. त्यानं न सांगता चहा आणून हातात दिला.

वायसर, मला तुझं वाक्य शब्दन्‌शब्द आठवतंय. तीन वर्षांपूर्वी छापखान्यात, तू म्हातारीच्या तोंडाशी जमिनीवर झोपली होतीस, टॉर्च दातात धरून. तो काढून म्हणालीस, "बाबा, थांबा. कागद घडीत वाकडा होत नाहीये. वाकडाच येतोय." मालक उभे, त्यांची दोन माणसं उभी. मी म्हणालो, "बाजूला हो. मला शिकवू नकोस." आणि तुझ्या हातातून पाना काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला. दोन तास घडीवर काम केलं आणि मशीन चालली. तू फडक्याला हात पुसलेस, एकेक बोट वेगळं, फडक्याची चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवलीस आणि पुढच्या महिन्यात लिफ्टवाल्यांकडे गेलीस. एवढं तुला माहीत आहे. जे तुला माहीत नाही ते आता लिहितो. तू गेल्यावर बाराव्या दिवशी म्हातारी परत थांबली. मी परत घडी दुरुस्त केली. असं चार वेळा झालं. शेवटी मालकांनी तिला भंगारात काढलं. मी सगळ्यांना सांगितलं, वय झालं होतं तिचं. तुला कळू दिलं नाही, आईलाही शपथ घातली. वय झालं नव्हतं. डाव्या वाटीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह उशिरा सुटत होता. तू म्हणालीस तसंच होतं, आणि मी पाच मिनिटं हात खिशात घालून उभा राहिलो असतो तर मलाही दिसलं असतं.

सहाव्या दिवशी टकलूनं डावा व्हॉल्व्ह उघडला, साफ केला, वाट्या बदलल्या. मशीन आणखी बिघडली. आता डावा लवकर येऊ लागला. व्हॉल्व्हच्या मागे एक बारका नट आहे, त्याला दहा नंबरचा पाना लागतो, आणि आत हात घालून नुसत्या अंदाजानं फिरवावा लागतो. सातव्या दिवशी दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या, मॅनेजरबाई वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये मी आणि टकलू. दोन तास तो त्या नटाशी झगडत होता, पाना तीन वेळा सटकला, बोटाची साल निघाली. ट्रकला बावीस तास उरले होते. त्यानं इकडेतिकडे बघितलं, पान्याचा दांडा माझ्याकडे केला आणि बाजूला झाला. खूण केली, कोणी बघत नाहीये, तूच कर. दोन मिनिटांचं काम होतं माझ्यासाठी, खोटं कशाला बोलू. माझे हात खिशातून कधी बाहेर आले तेही कळलं नाही. आणि तेवढ्यात तो फडक्याला हात पुसायला लागला. एकेक बोट वेगळं. चेहरा खाली.

त्या क्षणी मला लाल सील आठवलं नाही, दहा वर्षांची बंदी आठवली नाही. मी हात परत खिशात घातले आणि जोरात मान हलवली. नाही. त्याला वाटलं मी घाबरलो. मग मी पुन्हा हात काढले आणि मांड्यांवर ताल दिला. ताल देणं कुठल्याच नियमात काम धरलेलं नाही, कागद चार वेळा वाचला होता मी. एक हात मांडीवर, लगेच दुसरा मांडीवर, थप-थप, वेगवेगळे. मान हलवली, असं नको. मग दोन्ही एकदम, थप. असं हवं. टकलू बघत राहिला. मग पाना घेऊन आत शिरला. मशीन हळू चालवली, फुस्स-फुस्स. मी थप-थप. त्यानं केसभर फिरवलं. अजून थप-थप. एवढ्यात बाई आल्या, क्षणभर दारात थांबल्या, पर्स खुर्चीवर फेकली आणि दोन्ही हात हवेत उचलून वर्गासमोर उभ्या राहिल्यासारख्या ताल द्यायला लागल्या. काय तो देखावा! टकलूचं पोट मशीनबाहेर, डोकं आत, बाई हवेत हात फिरवतायत आणि मी खोक्यावर बसून मांड्या बडवतोय. आणि मग एकदम एकच आवाज आला. फुस्स. एकच. आतून टकलू ओरडला, "चावला!"

त्यानं मशीन पूर्ण वेगात सोडली. शंभर गेली. दोनशे गेली. मॅनेजरबाई जिन्यावरून धावत खाली आल्या आणि आम्ही चौघं घडीच्या पट्टीकडे श्वास धरून बघत राहिलो. एक हजारावर टकलूनं मला उचललं. खरोखर उचललं, माझे पाय जमिनीपासून वर. दुसऱ्या दिवशी बाराला ट्रक आला तेव्हा मशीन चालूच होती. भंगारवाला बिचारा रिकामा कसा जाईल म्हणून त्याला एक मोडकं कपाट दिलं. विमानतळावर मी स्वतःहून त्या अधिकाऱ्याला शोधलं आणि बॅग पुढे केली. त्यानं नंबर बघितला, चारशे एक्केचाळीस, सील जसंच्या तसं. बाईंमार्फत विचारलं, मग झाली का मशीन दुरुस्त? मी म्हणालो, "झाली. त्यांच्या फिटरनं केली." हे वाक्य मात्र बदलायला लागलं नाही. त्यानं ब्लेडनं सील कापून माझ्या हातात दिलं, आठवण म्हणून. टेबलावर आहे. तुझी आई म्हणते, घरात जिथं जिथं वाकून बघता तिथं लटकवा, हात आवरायला बरं.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. त्या कारखान्यानं दुसरीकडून अशाच आणखी दोन मशीन घेतल्यात, बंद पडलेल्या. त्या उभ्या करायला त्यांना दोन माणसं हवीत, तीन आठवडे, आणि या वेळी हातानं काम करण्याचा रीतसर परवाना, म्हणजे चार महिन्यांचा अवधी. तू लिफ्टची नोकरी सोड असं मी म्हणत नाही, तीन आठवड्यांची रजा मिळते का तेवढं बघ. सोबत फॉर्म आहे. 'मुख्य तंत्रज्ञ' या रकान्यात तुझं नाव आहे, 'सल्लागार' मध्ये माझं. तुझा फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस, मोजून पाठव. सही करायची की नाही ते तू ठरव. नाही केलीस तरी मी काही बोलणार नाही, फोनवर हवामान चालू ठेवू. पण त्या फॉर्ममध्येही तोच रकाना आहे, ज्यांच्या हाताखाली काम शिकलात त्यांचा दाखला. या वेळी 'लागू नाही' लिहिता आलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा दाखला लिहिला, अकरा कागद फाडले, बारावा जोडलाय. त्यात एवढंच आहे: 'हिनं माझ्याकडे सहा वर्षं काम केलं. पाकिटांच्या मशीनमधला जो दोष मला तीन वर्षं सापडला नाही, तो हिनं पहिल्या दिवशी ओळखला होता. मी ऐकलं नाही. चूक माझी होती.' खाली सही आणि वर्कशॉपचा शिक्का. फॉर्म नाही भरलास तरी दाखला ठेव, तो तुझा आहे. आणि आता पाकीट बघ. त्या दुपारी निघालेल्या पहिल्या पन्नासांतलं आहे, टकलूनं बांधून दिली होती. त्याचं झाकण डाव्या बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त आलंय. मी तिथंच पाहिलं होतं. बोललो नाही. चिकटतं व्यवस्थित.

तुझाच,
आखूड पायाच्या स्टुलावर बसलेला,
बाबा